दोन्ही बाजूंची पानं

मधूची नोकरी २००९ च्या मार्चमध्ये गेली. तो दुबईत क्वांटिटी सर्व्हेयर होता. ज्या टॉवरचं सळई-सिमेंटचं गणित तो मांडत होता तो टॉवर अर्ध्यातच थांबला आणि कंपनीने एका दुपारी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून खलास म्हणून सांगून टाकलं. सिलिकॉन ओएसिसमधला फ्लॅट सोडावा लागला. मग मधू आणि त्याची बायको सुमेधा अबुधाबीला, खलिफा सिटीत, प्रमिलाच्या घरी राहायला आले.

प्रमिला आणि सुमेधा हडपसरला एका गल्लीत वाढलेल्या, एका बाकावर बसलेल्या. प्रमिला वर्गात पहिली-दुसरी, सुमेधा कशीबशी पास होणारी. पुढे प्रमिलाने राहुरीला फळबागशास्त्रात एम.एस्सी. केलं, पुण्याजवळ मांजरीला, द्राक्ष संशोधन केंद्रात, दोन वर्षं काम केलं. तिच्या हातची छाटणी बघायला लोक यायचे. मग प्रकाशशी लग्न झालं. प्रकाश तेलाच्या पाइपलाइनींच्या देखभालीत होता, म्हणून अबुधाबी. इथे तिला एका लँडस्केपिंग कंपनीत नोकरी मिळाली. राउंडअबाउटवर पेटुनिया लावायचे, उन्हाळ्यात ते जळाले की उपटून टाकायचे, थंडीत पुन्हा लावायचे. द्राक्षं मागे राहिली ती राहिलीच.

सुमेधा आणि मधू घरी होते त्या दिवसांत प्रमिला फार चांगली वागली. रोज गरम पोळ्या, मधूच्या बायोडेटाच्या प्रिंट, सुमेधासाठी नवा ड्रेस. मैत्रिणींचे फोन आले की ती आवाज खाली आणून म्हणायची, "आमच्याकडेच आहेत बिचारे. सावरतील, इन्शाल्ला." त्या दिवसांत तिला झोपही छान लागायची. कोणाची तरी कीव करता येणं यात एक ऊब असते, ती तिला मिळत होती.

मधूने इंग्लंडच्या हायली स्किल्ड व्हिसासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला आणि थंडी सुरू व्हायच्या आधी दोघं केंटला गेले. मधूला तिथे एका बिल्डरकडे साधी नोकरी लागली. सुमेधा बी.कॉम., अकाउंट्समधली, पण अकाउंट्सचं काम मिळेना. शेवटी जवळच्या एका द्राक्षबागेत तोडणीला माणसं हवी होती, तिथे ती गेली.

"द्राक्षं तोडतेय गं मी," तिने फोनवर सांगितलं. "मला तुझीच आठवण आली. म्हटलं प्रमी असती तर मला कात्री तरी धरायला शिकवली असती."

"जपून," प्रमिला म्हणाली. "पाठीला त्रास होतो त्या कामाने." आणि फोन ठेवल्यावर प्रकाशला म्हणाली, "शेतमजुरी करते बिचारी."

दुसऱ्या वर्षी प्रमिलाच्या कंपनीचे व्हिलांचे प्रोजेक्ट बंद पडले आणि तिलाही घरी बसायला सांगितलं. प्रकाश म्हणाला, बरं झालं, आता आराम कर. आभा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सातवीत होती. सकाळी दोघं गेले की प्रमिला कॉम्प्युटर उघडायची आणि फेसबुकवर सुमेधाचे फोटो बघायची.

पहिल्या फोटोंत सुमेधा बादली घेऊन रांगेत उभी होती. नंतरच्या फोटोंत तिच्या हातात छाटणीची कात्री आली. मग एका फोटोत ती एका पांढऱ्या केसांच्या उंच माणसाशेजारी उभी होती आणि खाली लिहिलं होतं की मिस्टर टॉलहर्स्टनी चार एकरांची बाग आता तिच्याकडे सोपवली आहे. बागेत बॅकस नावाची, पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची जात होती. थंड हवेत वाढणारी, लवकर पिकणारी, नाजूक सालीची.

प्रमिलाने तो फोटो मोठा करून पाहिला. सुमेधाचे गमबूट चिखलाने भरले होते. मागे हिरव्या ओळी उतारावरून खाली गेल्या होत्या आणि आकाश राखाडी होतं. तारेवर वेल नीट बांधलेले नव्हते, फांद्यांची गर्दी झाली होती. मी असते तर, तिला वाटलं. तिने ज्याच्यासाठी पाच वर्षं अभ्यास केला, ज्याचं नाव घेतलं की अजून तिचे तळहात शिवशिवायचे, ते सुमेधाला नोकरी गेल्यामुळे मिळालं होतं. बाकावर शेजारी बसून तिच्या वहीतलं उतरवून काढणाऱ्या सुमेधाला.

तिने खाली कमेंट लिहिली, "व्हेरी हॅपी फॉर यू," आणि त्यापुढे एक फूल टाकलं.

तेव्हापासून ती सुपरमार्केटमध्ये द्राक्षांच्या शेल्फजवळ थांबेनाशी झाली. एकदा प्रकाशने चिलीहून आलेली द्राक्षं उचलली आणि सवयीने मोठ्याने हिशेब केला, "अठरा दिरहॅम किलो, म्हणजे झाले अडीचशे रुपये," तर ती म्हणाली, "ठेव ती. काही चव नसते त्यांना." महाराष्ट्र मंडळात कोणी सुमेधाचा विषय काढला की ती हसून म्हणायची, "तिच्या बाल्कनीत तुळस जगत नव्हती, आणि आता बाग सांभाळते म्हणे." लोक हसायचे. घरी येताना गाडीत तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून सुमेधाचा आणखी राग यायचा.

२०१२ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये पावसात गेला. जूनमध्ये पाऊस, जुलैत पाऊस. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमेधाची ईमेल आली, सोबत पाच-सहा फोटो. वेल पानांनी नुसते गच्च भरले होते. आत कुठेतरी मिरीएवढे हिरवे मणी होते आणि एका घडाच्या देठाजवळ करड्या बुरशीचा ठिपका दिसत होता.

"प्रमे, मला तूच सांग," सुमेधाने लिहिलं होतं. "फुलोरा एवढा उशिरा आलाय की घड पिकतील की नाही कळत नाही, आणि आता ही बुरशी. शेजारचा बागवाला म्हणतो घडांजवळची पानं काढ. मिस्टर टॉलहर्स्ट म्हणतात पानं राहू देत, पानांशिवाय साखर कशी भरणार. दोघंही छातीठोक सांगतात. मला काही कळत नाही. तू म्हणशील ते मी डोळे मिटून करेन."

प्रमिलाने ईमेल दोनदा वाचली. उत्तर तिला तोंडपाठ होतं. मांजरीला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं ते. पान म्हणजे घडाची छत्री. छत्री काढलीत तर मणी उन्हाने भाजतात, तपकिरी होतात, साल चिरते, आणि मग तो माल कोणी हातात घेत नाही. तिने लिहिलंसुद्धा, "पानांना हात लावू नकोस."

मग ती थांबली. खिडकीबाहेर खलिफा सिटीचा ऑगस्ट होता. समोरच्या व्हिलाच्या भिंतीवर ऊन एवढं पांढरं पडलं होतं की तिकडे बघवत नव्हतं. फोटोतल्या हिरव्या ओळी कॉम्प्युटरवर तशाच उघड्या होत्या. डोळे मिटून करेन, असं सुमेधाने लिहिलं होतं. एवढा विश्वास बघून तिला दया यायला हवी होती. पण तिच्या मनात आलं, एकदा तरी. एकदा तरी तिला कळू दे की हे शिकून येतं, नशिबाने येत नाही.

तिने ती ओळ खोडली आणि लिहिलं, "घडांजवळची सगळी पानं काढून टाक. दोन्ही बाजूंची. एकही ठेवू नकोस. उशीर करू नकोस, याच आठवड्यात कर."

आणि पाठवून दिलं. मग उठून तिने जेवणाची भाजी चिरली. दुपारभर तिला अधूनमधून वाटत होतं की पुन्हा लिहावं, चूक झाली म्हणावं. तिने लिहिलं नाही. सुमेधाचं दोनच शब्दांचं उत्तर आलं, "केलं सगळं." त्यानंतर प्रमिला जवळजवळ दोन महिने फेसबुककडे फिरकली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी सुमेधाचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. प्रमिलाला वाटलं ती रडतेय, आणि हातातला फोन तिला जड झाला.

"तोडणी झाली," सुमेधा म्हणाली. "प्रमे, इथे आजूबाजूला बहुतेकांचा माल सडला. पलीकडच्या एका बागवाल्याने तर तोडणीच केली नाही, घड तसेच वेलावर सोडून दिले. आमचे स्वच्छ निघाले. थोडे आहेत, पण एकूण एक स्वच्छ. मिस्टर टॉलहर्स्ट विचारत होते, तुझी ही मैत्रीण कोण. मी म्हटलं, आमच्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी."

प्रमिला काहीतरी बोलली. काय बोलली ते नंतर तिला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर तिने इंटरनेटवर शोधून शोधून वाचलं. थंड मुलखात उलटं असतं. तिथे ऊन ही भाजणारी गोष्ट नाही, मिळाली तर मिळवायची गोष्ट आहे. घड उघडे केले की वारा खेळतो, दव लवकर सुकतं, बुरशी धरत नाही. हे सगळं सरळ होतं, समजायला कठीण काहीच नव्हतं. तिने क्षणभर विचार केला असता तरी तिला सुचलं असतं. पण तिला आयुष्यात एकच ऊन माहीत होतं.

म्हणजे तिने खरं वाटणारं उत्तर पाठवलं असतं तर सुमेधाचा माल गेला असता. वाईट चिंतलं म्हणून वाचला. यातलं काय जास्त लागलं हे तिला ठरवता येईना. तिने कपाटातून राहुरीच्या वेळची पुस्तकं काढली, उघडली नाहीत, परत ठेवली.

जानेवारीत सुमेधा आणि मधू भारतात जाताना चार दिवस अबुधाबीला उतरले. प्रमिलाने त्याच वेळी हळदीकुंकू ठेवलं होतं. खरं तर सुमेधाला सगळ्यांनी पाहावं, तिचे खरखरीत झालेले हात पाहावेत, असं तिच्या मनात होतं. पण बायका सुमेधाभोवतीच बसल्या. सुमेधाचे हात खरखरीत होते आणि ती ते लपवत नव्हती. बोटावरची कात्रीची खूण ती कौतुकाने दाखवत होती.

"पण खरं श्रेय प्रमीचं," ती सगळ्यांना सांगत होती. "मला नुसतं राबता येतं. कुठली पानं काढायची ते हिने इथे बसून सांगितलं."

सगळ्या प्रमिलाकडे वळल्या. प्रमिला हसली आणि तिळगुळाची ताटली पुढे फिरवू लागली.

बायका गेल्यावर मधूने बॅगेतून बाटली काढली. टॉलहर्स्टनी आधीच्या वर्षीची दिली होती. प्रकाशने ग्लासात ओतली, नाकाशी धरली आणि म्हणाला, "अरे, हे तर कैरीसारखं लागतंय. आणि ओलं गवत. मधू, जबरदस्त." प्रमिलाने एक घोट घेतला. आंबट, हिरवा, स्वच्छ वास नाकात शिरला. रायआवळ्याची आठवण झाली. ती वाइन उत्तम होती आणि ते ओळखण्याइतकं तिला कळत होतं. एवढ्या वर्षांत तिने या जमिनीत काय पिकवलं, याचा विचार न करण्याचा तिने प्रयत्न केला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सुमेधा भांडी पुसत होती. "एक विचारायचंय," ती म्हणाली. "मिस्टर टॉलहर्स्ट आता थकलेत. आणखी तीन एकर लावायचं आहे. त्यांनी मुद्दाम सांगितलंय तुला विचारायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणीला ये, तिकीट ते देतील. जमलं तर पुढे दर वर्षी. नाही म्हणू नकोस."

प्रमिलाचा हात नळाखाली तसाच राहिला. हेच तर तिला हवं होतं. फोटो मोठे करून करून ती हेच बघत होती. पण तिथे गेल्यावर कोणी विचारेल, हे असं का, ते तसं का, आणि तिला सुमेधाच्या तोंडाकडे बघावं लागेल. ज्या एका उत्तरावर तिथे तिचं नाव झालं होतं, ते कसं लिहिलं हे तिचं तिला माहीत होतं.

"आभाची दहावी आहे," ती म्हणाली.

आभा दारातच होती, पाण्याची बाटली भरायला आलेली. "आई, आय डोंट नीड यू फॉर बोर्ड्स," ती म्हणाली. "यू शुड गो."

प्रकाशही बाहेरून म्हणाला, "जा ना. आम्ही बघू इकडचं."

"नाही म्हटलं ना," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की सुमेधाने फडकं खाली ठेवलं. मग कोणी तो विषय काढला नाही.

सुमेधा आणि मधू गेल्यावर आभा मात्र सुमेधाला मेसेज करत राहिली. आधी फोटोंसाठी, मग प्रश्नांसाठी. बारावीनंतर तिने जाहीर केलं की तिला इंग्लंडमध्ये द्राक्षबागेचा कोर्स करायचाय. प्रकाशला आधी हे खरंच वाटलं नाही. "वाइनचा कोर्स? घरी काय सांगायचं?" पण मधूने कॉलेजची माहिती पाठवली आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आभा गेली. कॉलेज केंटपासून फार लांब नव्हतं. शनिवार-रविवार ती सुमेधाकडे जायची. सुमेधाला मूल नव्हतं.

विमानतळावरून परतताना प्रमिलाला वाटलं, आता हेही गेलं. बाग सुमेधाची, नाव सुमेधाचं, आणि आता मुलगीसुद्धा. हा विचार किती वेडा आहे हे तिला कळत होतं, तरी तो जात नव्हता. आभाच्या फोनवर दर वाक्यात मावशी असायची. मावशी म्हणते, मावशीने दाखवलं. प्रमिला ऐकायची आणि विचारायची, "जेवलीस का?"

पुढच्या वर्षी जुलैत एका शनिवारी सकाळी आभाचा फोन आला. ती बागेत होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"आई, एक विचारू? आज आम्ही पानं काढतोय. मावशी सांगत होती की ट्वेंटी ट्वेल्व्हमध्ये तू दोन्ही बाजूंची सांगितली होतीस. व्हाय बोथ? आम्ही फक्त मॉर्निंग साइड करतो."

प्रमिला सोफ्यावर बसली.

"अँड डोंट टेल मावशी आय सेड धिस," आभा पुढे म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तिने परत तसंच केलं. दोन्ही बाजू. मग जुलैत हीटवेव्ह आली आणि वेस्ट साइडचे घड अक्षरशः कुक झाले. ऑलमोस्ट हाफ. तिने मला सांगितलं, आईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

म्हणजे शेवटी झालंच होतं. जे तिने त्या दिवशी इच्छिलं होतं ते दोन वर्षं उशिरा, तंतोतंत झालं होतं. आणि सुमेधाने ते तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, ती दुखावेल म्हणून.

"आई? आर यू देअर?"

आभाला सांगता येण्यासारखी दोनच उत्तरं होती. एकात ती वाईट ठरत होती आणि दुसऱ्यात अडाणी. आयुष्यभर तिने सगळं सोसलं होतं, पण अडाणी म्हणवून घेतलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी फक्त गरम मुलखातली द्राक्षं शिकले. थंडीतलं मला काहीच येत नव्हतं. तरी सांगितलं."

आईच्या तोंडून हे आभाने कधी ऐकलं नव्हतं. "ओके," ती हळूच म्हणाली. "दॅट्स फाइन, आई. सी, सकाळच्या उन्हाने दव सुकतं. दुपारनंतरचं ऊन भाजतं. म्हणून वेस्ट साइडला छत्री ठेवायची." आणि ती समजावत राहिली, शिक्षकासारखी, मधेच इंग्लिशमध्ये, मधेच मराठीत. प्रमिला ऐकत होती. यातलं सगळं तिने कधीच वाचून ठेवलं होतं. तरी ती हूं हूं म्हणत राहिली.

मागून आवाज आला, "आभू, चहा." आभू या नावाने घरात तिला कोणी हाक मारत नव्हतं. प्रमिलाला आत कुठेतरी चटका बसला, नेहमीसारखाच.

"सुमीला दे फोन," ती म्हणाली.

सुमेधा आली. धापा टाकत होती. "बोल गं."

"तुझा अर्धा माल गेला माझ्यामुळे," प्रमिला म्हणाली. "पोरीला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं."

सुमेधा म्हणाली, "अगं, जाऊ दे. त्या वर्षी तुझ्यामुळे वाचला, नंतर आमचंच डोकं चाललं नाही. तू काय मुद्दाम केलंस?"

पलीकडे वारा वाहत होता आणि कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"तुला अजून छाटणीला माणसं लागतात का?" प्रमिलाने विचारलं.

"लागतात म्हणजे? दर वर्षी मारामार असते."

"मी येते फेब्रुवारीत. पण थंडीतली छाटणी मला येत नाही. शिकवावी लागेल."

"तुला? मी शिकवू?" सुमेधा हसली. त्या हसण्यात निव्वळ आनंद होता, आणि थोडा, अगदी थोडासा, अभिमानही होता. तो प्रमिलाच्या कानांनी बरोबर टिपला. तो तिला लागला. तिने तो लागू दिला आणि विचारलं, "मग किती थंडी असते? काय काय आणू?"